काळा ठिपका म्हणजे जिवंत आयलेट नव्हे: इमेजिंगमधल्या या चुका टाळा

टाइप १ मधुमेहात दात्याच्या स्वादुपिंडातून वेगळी केलेली आयलेट (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) पोर्टल शिरेतून रुग्णाच्या यकृतात सोडतात. ती पुढे एमआरआयवर दिसावीत, तर त्याआधीच कल्चरमध्ये लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांनी लेबल करावी लागतात. टी२-स्टार प्रतिमेत (लोहाला संवेदनशील एमआरआय प्रतिमेत) मग त्यांचे काळे ठिपके उमटतात.

सगळ्यात महागात पडते ती ठिपका दिसला की आयलेट जिवंत आहे असं धरून चालण्याची चूक. एमआरआयवर दिसतो तो लोहाचा परिणाम, पेशीचा जीव नव्हे. आयलेट मेलं तरी त्यातलं लोह यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात आणि ठिपका काही काळ तिथेच राहतो. उलट, पहिल्या काही दिवसांत ठिपके झपाट्याने घटले म्हणून लगेच रिजेक्शनचा (शरीराने प्रत्यारोपण नाकारल्याचा) शिक्का मारणंही घाईचं आहे. रक्ताशी संपर्क येताच उसळणाऱ्या दाहक प्रतिक्रियेत बरीच आयलेट सुरुवातीलाच नष्ट होतात. त्यामुळे प्राण्यांवरच्या प्रयोगात लेबल केलेली मृत आयलेट सोडलेला कंट्रोल गट हवाच. माझ्या मते त्याशिवाय टिकाव धरल्याचा दावा करूच नये. माणसांत ठिपक्यांचा आलेख सी-पेप्टाइडच्या (इन्सुलिन बनताना त्याच्यासोबत सुटणाऱ्या तुकड्याच्या) आकड्यांशी ताडून पाहा.

ठिपके मोजतानाही फसगत होते. आयलेट सरासरी १५० मायक्रोमीटरचं, पण लोहामुळे चुंबकीय क्षेत्र आजूबाजूलाही बिघडतं, म्हणून ठिपका खऱ्या आकाराहून मोठा दिसतो. इको टाइम (सिग्नल टिपण्याआधीचा वेळ) वाढवला की तो आणखी फुगतो आणि शेजारचे दोन ठिपके एक होऊन जातात. त्यामुळे सगळे स्कॅन एकाच यंत्रावर, त्याच सेटिंगवर घ्या. प्रत्यारोपणाआधीचा स्कॅन तर चुकवूच नका: आडव्या कापल्या गेलेल्या रक्तवाहिन्या आणि जुना रक्तस्रावही असेच काळे दिसतात. यकृतात आधीपासून लोह साठलेलं असेल, तर सगळी पार्श्वभूमीच काळवंडते.

जुन्या पेपरमधली लेबलिंगची कृती जशीच्या तशी उचलू नका. त्या काळी वापरात असलेली फेरुमॉक्साइड, फेरुकार्बोट्रान ही लोह ऑक्साइडची द्रव्यं बहुतेक देशांत बाजारातून गेली आहेत. नव्या कणाचा आकार आणि आवरण वेगळं, म्हणजे मात्रा आणि वेळ पुन्हा ठरवणं आलंच. सिग्नल कमी येतोय म्हणून लोह वाढवत नेण्याआधी आयलेटचा छेद घेऊन प्रशियन ब्लूने (लोह निळं दाखवणाऱ्या रंगाने) रंगवा. निळा रंग आयलेटच्या कडेलाच दिसला, तर कण आत न जाता बाहेर चिकटलेले असू शकतात. अशा वेळी धुणं वाढवा. लेबल केलेली आणि न केलेली आयलेट ग्लुकोज देऊन तपासा. इन्सुलिनचा प्रतिसाद घटला असेल, तर प्रतिमा कितीही सुरेख येवो, ते लेबल बाद.

लेबलसाठी लोहाऐवजी फ्लोरिन-१९ वापरलं तर पार्श्वभूमीचा त्रास जवळजवळ नाहीच, पण सिग्नल क्षीण असतो. पेट स्कॅनसाठी एक्सेंडिनवर (आयलेटमधल्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूवर) आधारित ट्रेसर, म्हणजे किरणोत्सारी खूण, घेतलात तर उजव्या मूत्रपिंडावर लक्ष ठेवा. ट्रेसर तिथे भरपूर साठतो आणि शेजारच्या यकृताच्या खालच्या भागात त्याची चमक सांडते. तो भाग मोजणीत धरला, तर आयलेट आहेत त्याहून जास्त भरतील.