हरवलेल्या खरेदीखताची नक्कल कोर्टात शाबीत कशी करावी

मूळ खरेदीखत सापडत नाही म्हणून जागाच गेली असं समजून हातपाय गाळलेली माणसं मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात नेहमी पाहतो. तेवढीच माणसं दुसऱ्या टोकाला असतात: ‘सरकारी शिक्क्याची नक्कल आहे ना, मग काळजी कसली?’ दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी जास्त महागात पडते. ती मला स्वतःला कशी महागात पडली ते पुढं सांगतो. आधी सोपी कामं उरकून घेऊ.

नक्कल काढणं

दस्त ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदला, तिथं अर्ज करा, फी भरा, नक्कल घ्या. अर्जात दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालय ही तिन्ही द्या, कारण क्रमांक दर वर्षी नव्यानं एकपासून सुरू होतात आणि तोच क्रमांक दुसऱ्या कार्यालयातही असतो. क्रमांक माहीत नसेल तर सूचीवरून शोध घ्या. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत असे स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात आणि त्यांची नक्कल कोणीही मागू शकतो. ‘तुम्ही दस्तातले पक्षकार नाही’ असं सांगून कोणी परत पाठवलं, तर नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम ५७ दाखवा.

इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सूची क्रमांक २ म्हणजे खरेदीखताची नक्कल नव्हे. तो नोंदीचा गोषवारा आहे. त्यात अटी नसतात, भरणा कसा झाला हे नसतं, चतुःसीमाही अनेकदा अर्धवट असतात. तरीही दर महिन्याला कोणीतरी फक्त सूची दोन दाखल करून खरेदीखत दिल्याच्या समाधानात असतो. नोटरीनं शिक्का मारलेली झेरॉक्सही चालत नाही. निबंधकानं आपल्या पुस्तकावरून दिलेली प्रतच हवी. तिच्या शेवटी ‘खरी नक्कल’ असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि मोहोर आहे का, हे काउंटर सोडण्यापूर्वी तपासा. प्रत्येक पान मोजा, मागचे शेरेसुद्धा. कार्यालयातल्या नोंदींचे, म्हणजे लिहून देणाराची कबुली आणि ओळख देणाऱ्यांची नावं असलेले शेरे गळाले असतील, तर नक्कल परत करा आणि पुरी मागा.

जुना दस्त मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि वेळ आली तर तो जाणकार साक्षीला येईल, हे आधीच विचारून ठेवा.

दाव्यात दाखल करणं

दाव्यासोबतच्या दस्तऐवजांच्या यादीत नक्कल लावा. मूळ दस्त कुठं आहे हे दाव्याच्या मजकुरातच लिहा, पुढं पुरावा शपथपत्रात सुचलं म्हणून नको. मूळ हरवलं असेल तर ते कोणाच्या ताब्यात होतं, शेवटचं कधी पाहिलं, कुठं कुठं शोधलं, पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद केली का, हे सगळं येऊ द्या. मूळ बँकेकडं तारण असेल तर ‘हरवलं’ असं लिहू नका. ते खोटं ठरेल. बँकेला कागद हजर करण्याचा समन्स काढा. मूळ समोरच्याकडं असेल तर ते हजर करण्याची नोटीस द्या आणि पोचपावती जपून ठेवा.

दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ कागदाऐवजी त्याची नक्कल, देण्यासाठी वेगळा परवानगीअर्ज हवाच, असा आग्रह अजूनही ऐकू येतो. धनपत विरुद्ध शिवराम या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असा अर्ज आवश्यक नसल्याचं म्हटलं आहे. तरीही मी मूळ दस्ताची हकीगत शपथपत्रात सविस्तर लिहितोच. त्यावरून दोन तारखा भांडण्यापेक्षा चार ओळी लिहिणं बरं.

कोणता कायदा लागेल, हाही प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याआधीपासून चालू असलेल्या दाव्यांना जुना १८७२ चा कायदाच लागतो. आपल्या मुद्द्यावर दोन्हीत फरक जवळजवळ फक्त कलमांच्या आकड्यांचा आहे: दुय्यम पुराव्याचं जुनं ६५ म्हणजे आता ६०, साक्षीदारांच्या सह्या लागणाऱ्या दस्तांचं जुनं ६८ म्हणजे आता ६७, तीस वर्षांच्या जुन्या कागदाचं जुनं ९० म्हणजे आता ९२.

खरी अडचण: मजकूर शाबीत झाला, सही झाली नाही

आता मुख्य गोष्ट. इथं मी सावकाश जाणार आहे, कारण दावे इथंच बुडतात.

नोंदणी अधिनियमाचं कलम ५७(५) सांगतं की निबंधकाची सही-शिक्क्याची नक्कल मूळ दस्तातला मजकूर शाबीत करण्यासाठी ग्राह्य आहे. अप्पैया विरुद्ध अंडीमुथू या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोंदणीकृत खरेदीखताच्या नकलेबाबत हेच ठामपणे सांगितलं. पण कलमातला शब्द नीट वाचा: मजकूर. मूळ कागदावर काय लिहिलं होतं एवढंच नक्कल सांगते. लिहून देणाराच्या नावापुढं सही होती ती खरोखर त्याचीच होती का, हे ती सांगत नाही. ते वेगळं शाबीत करावं लागतं.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडं शहराच्या पूर्व भागातल्या एका घरजागेचा दावा होता. माझ्या पक्षकाराच्या दिवंगत वडिलांनी ती जागा विकत घेतली होती. मूळ खत कुठंतरी तारण पडून गहाळ झालेलं. मी नक्कल काढली, दाखल केली. विरुद्ध बाजूनं हरकत घेतली, न्यायालयानं ती खुली ठेवून, म्हणजे तिचा निर्णय पुढं ढकलून, नकलेला निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाचा क्रमांक) दिला आणि मी निर्धास्त झालो. कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, स्पष्ट लिहिलं होतं की ‘प्रतिवादीच्या वडिलांनी असे कोणतेही खत लिहून दिले नाही, त्यावरील सही त्यांची नाही.’ मी ते वाक्य नेहमीचा इन्कार समजून सोडून दिलं. नकलेत सहीच्या जागी नकलनविसानं फक्त ‘सही तेलुगू’ एवढं लिहिलं होतं. जुळवून पाहायला त्यात सहीच नव्हती. दस्तावर ओळख देणारा एक गृहस्थ साखर पेठेत हयात होता, कोर्टापासून फार लांब नाही. त्याला बोलवावं हे मला सुचलं नाही.

दावा नामंजूर झाला. निकालात एकच वाक्य होतं ज्यानं सगळं संपवलं: मजकूर शाबीत, निष्पादन (सही करून दस्त लिहून देणं) नाही. अपिलात मी जादा पुराव्याचा अर्ज दिला. तोपर्यंत ते गृहस्थ वारले होते आणि अर्जही नामंजूर झाला. त्या कुटुंबाला मी जे उत्तर दिलं ते मला आजही नीट आठवतं, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा कैफियत आली की पहिल्याच दिवशी एवढंच शोधा: खत लिहून दिल्याचा इन्कार आहे का, आणि तो नेमका आहे की मोघम? उत्तर काय येतं यावर पुढचं सगळं ठरतं.

इन्कार नसेल किंवा मोघम असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२ नियम २ खाली कागद कबूल करण्याची नोटीस द्या. सात दिवसांत नेमका इन्कार आला नाही तर कबुली गृहीत धरता येते. ही नोटीस फार कमी जण देतात. का देत नाहीत, हे मला समजत नाही. खर्च एका पाकिटाचा आहे.

नेमका इन्कार असेल तर माणूस उभा करा. विकत घेणारा हयात असेल तर तोच उत्तम: ‘माझ्यासमोर त्यानं सही केली’ हे त्यानं स्वतः सांगावं. तो नसेल तर दस्तलेखक, साक्षीदार, ओळख देणारे. त्यांची नावं नकलेतच असतात. आज त्यांच्या घरी जा, पुढच्या तारखेला नको. म्हातारी माणसं आहेत. दस्त अलीकडचा असेल तर नकलेत स्कॅन केलेली सही, फोटो आणि अंगठाही दिसतो, आणि सही ओळखणाऱ्या माणसाचा जबाबही उपयोगी पडतो. हातानं उतरवलेल्या जुन्या नकलेत तो मार्ग बंद असतो. तिथं कार्यालयातल्या अंगठ्यांच्या नोंदवहीचा विचार करावा.

दुय्यम निबंधकाला समन्स काढून पुस्तक मागवणं वाईट नाही, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तो नक्कल पुस्तकाशी जुळते एवढं सांगेल. लिहून देणाराला तो ओळखत नव्हता. नोंदणीच्या शेऱ्याला नोंदणी अधिनियमाच्या कलम ६० खाली वजन आहे. नोंदलेला दस्त रीतसर झाला असं न्यायालय गृहीत धरतं, हेही प्रेमसिंग विरुद्ध बिरबल या २००६ च्या निकालापासून सगळे सांगतात. ते खरं आहे. पण ते गृहीतक खोडता येतं. समोरच्यानं चांगला पुरावा दिला आणि तुमच्याकडं एकही माणूस नसला, तर ते फार वेळ टिकत नाही.

खरेदीखत आणि बक्षीसपत्र यांत गोंधळ करू नका. खरेदीखताला कायद्यानं साक्षांकन, म्हणजे साक्षीदारांच्या सह्या, लागत नाही. बक्षीसपत्राला आणि बहुतेक गहाणखतांना दोन साक्षीदार लागतात. नोंदणीकृत बक्षीसपत्राचा निष्पादनाचा नेमका इन्कार झाला, तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला बोलवावंच लागतं. मृत्युपत्राला तर इन्कार असो वा नसो, नोंदणी झालेली असली तरी साक्षीदार हवाच.

आणि तीस वर्षांहून जुन्या कागदावरची सही न्यायालय खरी गृहीत धरू शकतं, त्या नियमाचं म्हणाल तर: ‘नक्कल १९६२ सालच्या खताची आहे, जुनी झाली, आपोआप शाबीत’ असं छातीठोकपणे सांगणारे मला आजही भेटतात. ते गृहीतक मूळ कागदासाठी आहे. प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९३५ मध्ये, बसंतसिंग विरुद्ध ब्रिजराज सरनसिंग या प्रकरणात, ते नकलेला लागत नाही असं स्पष्ट केलं. जुन्या खताचे साक्षीदार कोणी उरले नसतील, तर ताबा, फेरफार, घरपट्टी, पुढच्या व्यवहारातले उल्लेख असा भोवतालचा पुरावा गोळा करावा लागतो. कष्ट आहेत, पण दुसरा रस्ता नाही.

निशाणी पडताना

हरकत घ्यायची तर नक्कल पुढं येते त्याच क्षणी घ्यावी लागते. ‘मूळ का नाही’ ही शाबितीच्या पद्धतीची हरकत त्या वेळी घेतली नाही, तर नंतर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ च्या वेंकटाचल गौंडर निकालात सांगितलं आहे. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. समोरच्यानं फक्त झेरॉक्स पुढं केली तर तिथंच उभं राहून हरकत नोंदवा आणि ती रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) आली का ते संध्याकाळी बघा. आपल्या नकलेवर हरकत आली आणि न्यायालयानं ती खुली ठेवली, तर साक्षीदार बोलवायची संधी तीच आहे, हे समजून चाला.

मूळ दस्ताला मुद्रांक कमी असेल तर महाराष्ट्रात कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड भरल्याशिवाय नक्कल पुराव्यात घेतली जात नाही. तसा संशय असेल तर वकिलाला दाव्याआधीच सांगा.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. नक्कल काढतानाच दोन काढा. एक कोर्टाच्या फाइलीत जाते आणि अपिलं संपेपर्यंत तिथंच राहते. आपल्या जिल्ह्याची दुसरी अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं जातात, तेव्हा तिकडच्या वकिलाला पाठवायला दुसरी प्रत हाताशी असू द्या.