पोपटाचा पिंजरा: आधी लांबी, मग फट, उंची सगळ्यात शेवटी

पिंजऱ्यासाठी फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "ताई, दोन बाय दोनचा केवढ्याला पडेल?" मी विचारते, "पक्षी कुठला आहे?" आणि व्हॉट्सअॅपवर फोटो मागवते. आपल्याकडे बजरीला, म्हणजे बजरिगार या छोट्या पोपटाला, सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खऱ्या लव्हबर्डची चोच बजरीपेक्षा कितीतरी दणकट असते, त्यामुळे बजरीच्या पिंजऱ्याची पातळ तार त्याच्यापुढे टिकत नाही. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी माप लिहून घेत नाही.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं ग्रिल-फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि नवरा मिळून बघतो. खिडक्यांची ग्रिलं आणि सेफ्टी डोअर हे रोजचं काम, पिंजरे हे माझ्या जिव्हाळ्याचं. घरी कॉकटेल (कॉकटिएल) पोपटांची जोडी आहे. त्यामुळे माप घ्यायला मीच जाते, घोडबंदर रोडला असो की खारघरला.

मापाआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला आपला हिरवा पोपट आणि खांद्यावर लाल पट्टा असलेला पहाडी पोपट घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बाजारात कुणी चोरून विकत असला तरी घेऊ नका. त्यांच्यासाठी मी कुठल्याही मापाचा पिंजरा बनवत नाही. खिडकीत जखमी पोपट किंवा पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पुढचं सगळं बजरी, लव्हबर्ड, कॉकटेल, कोन्युर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पोपटांबद्दल आहे. त्यातही आफ्रिकन ग्रेसारखा आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीतला पक्षी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे वनखात्याकडे 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता माप. पक्षी आडवा उडतो. हेलिकॉप्टरसारखा जागेवरून सरळ वर जात नाही. म्हणून पिंजऱ्याची लांबी हे सगळ्यात महत्त्वाचं माप. पंख पूर्ण पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत किती भरतात ते बघायचं. पक्ष्याला धरून पंख ओढून मोजू नका, हाड दुखावतं. अंदाज असा ठेवा: बजरी १० ते १२ इंच, कॉकटेल १२ ते १४, आफ्रिकन ग्रे १८ ते २०, आणि निळा-पिवळा मकाव ४० इंचांच्याही वर. लांबी या मापाच्या निदान दुप्पट हवी. रुंदी इतकी हवी की मधल्या काठीवर बसून दोन्ही पंख फडफडवले तरी टोकं जाळीला लागणार नाहीत.

मी ज्याच्या खाली जात नाही ती मापं इंचात, लांबी-रुंदी-उंची या क्रमाने देते. बजरीच्या जोडीला ३० बाय १८ बाय १८. लव्हबर्डच्या जोडीला ३२ बाय २० बाय २०, कारण हे चळवळे आणि भांडखोर, एकमेकांपासून लांब बसायला जागा लागते. एकट्या कॉकटेलला ३० बाय २० बाय २४, जोडीला ३६ बाय २४ बाय ३०. लहान हिरव्या गालाच्या कोन्युरला ३० बाय २४ बाय ३०, सन कोन्युरला ३६ बाय २४ बाय ३६. आफ्रिकन ग्रेला ४० बाय ३० बाय ४८. मकावला ८४ इंच, म्हणजे सात फूट लांबी धरावी लागते. वन बीएचकेमध्ये मकाव ठेवायचा म्हणणाऱ्याला मी पिंजऱ्याचा दर सांगतच नाही, पक्षी घेऊ नका एवढंच सांगते.

ही मापं कमीत कमी आहेत, आणि तीसुद्धा पक्षी रोज दोन-तीन तास घरात मोकळा फिरणार असेल तरच. नवरा-बायको दोघंही सकाळची फास्ट लोकल पकडून रात्री आठला घरी येणार असतील, तर लांबी किमान एका फुटाने वाढवा. मोठा पिंजरा परवडत नाही म्हणून मी कुणाला कधी परत पाठवलं नाही. पक्षी लहान जातीचा घ्या, हे मात्र जरूर सांगते.

दुकानात पाच फूट उंच आणि दीड फूट रुंद असे देखणे मनोरे दिसतात. कोपऱ्यात मावतात म्हणून लोक भुलतात. खारघरच्या एका कुटुंबाने असाच पिंजरा कॉकटेलच्या जोडीसाठी आणला होता. दोन्ही पक्षी दिवसभर वरच्या काठीवर बसून असायचे, खालचा साडेतीन फूट भाग नुसता रिकामा. आम्ही तेवढ्याच लोखंडातून आडवा पिंजरा करून दिला. पोपट उंचावर बसायला बघतो, म्हणून उंची पिंजऱ्यात वाढवण्यापेक्षा स्टँडने द्या. वरची काठी तुमच्या छातीच्या आसपास आली की झालं.

गोल पिंजरा घेऊ नका. त्यात पक्ष्याला पाठ टेकायला कोपरा मिळत नाही, लांबी तर नसतेच. घुमटाकार छताचाही नको. घुमटाच्या टोकाकडे गज जवळजवळ येत जातात, आणि त्या निमुळत्या फटीत बोट किंवा मान अडकते.

दोन गजांमधली फट हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. मोठा पिंजरा घेतला आणि फट चुकली तर तो लहान पिंजऱ्यापेक्षा घातक. डोकं बाहेर निघतं, आत येत नाही, पक्षी घाबरून झटापट करतो. आमच्या धंद्यात सूत चालतं, इंचाला आठ सूत. बजरी, लव्हबर्ड आणि लहान कोन्युरला चार सुतांपेक्षा जास्त फट नको. कॉकटेलला चार ते पाच, सन कोन्युरला पाच ते सहा, आफ्रिकन ग्रेला सहा ते आठ, मकावला आठच्या पुढे पण बारापर्यंत. घरात पिल्लं होणार असतील तर सगळ्यात लहान डोक्याचा हिशेब करा.

इथे कारागिराशी बोलताना एक घोळ होतो. वेल्डर गजाचं अंतर सेंटर टू सेंटर मोजतो, म्हणजे एका गजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. गज चार मिलिमीटरचा असेल तर मोकळी फट चार मिलिमीटरने कमी पडते. उलटंही होतं: तुम्ही सेंटरचं माप धरून बसता आणि तो मोकळ्या फटीचं समजून गज लांब लांब लावतो. म्हणून ऑर्डर देताना शब्द वापरा, "क्लिअर चार सूत". पिंजरा आला की पट्टी लावून दोन-चार ठिकाणी मोजा, विशेषतः दाराच्या चौकटीजवळ आणि ट्रेच्या वर. तिथेच फट मोठी राहते.

गज किती जाड? बजरीला दोन मिलिमीटर पुरतो, कॉकटेल आणि कोन्युरला अडीच ते तीन, आफ्रिकन ग्रेला चार, मकावला पाच-सहा. निदान दोन बाजूंना गज आडवे असू द्या. पोपट चोच आणि पायांनी चढतो, उभ्या गजावरून तो घसरतो.

लोखंडाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण खाडीची हवा. वाशी, नेरूळ, बेलापूर, इकडे कोपरी, या पट्ट्यात साधं लोखंड पावसाळ्यात एका मोसमात गंजतं. स्वस्त उपाय म्हणून लोक जीआय जाळी आणतात, जस्ताचा मुलामा असलेली. पोपट दिवसभर जाळी चावतो, आणि पोटात गेलेलं जस्त त्याला विष ठरतं. नव्या जाळीवर जस्ताचे पांढरे कण आणि चुरा असतो, तिथे धोका सर्वात जास्त. व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासून धुतली तर चुरा जातो, मुलामा तसाच राहतो. मी जीआय वापरत नाही. घरात आजीच्या काळचा पितळी पिंजरा असेल तर तोही नको, त्याच्या डागकामात शिसं असू शकतं.

पावडर कोटिंग, म्हणजे पावडर रंग भाजून चढवलेला थर, चालतं, पण वेल्डच्या सांध्यावरचा थर आधी सोलतो. सहा महिन्यांनी टॉर्च घेऊन सांधे बघा, पापुद्रा निघाला असेल तर तो भाग पुन्हा करून घ्या. उत्तम म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेड. २०२ ग्रेड स्वस्त असतं आणि खाडीजवळ त्यावर तपकिरी डाग येतात. अनेकजण लोहचुंबक लावून तपासतात. ती परीक्षा इथे उपयोगाची नाही, कारण चुंबक दोन्हीला सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आतल्या जागेचा हिशेब वेगळा. बाहेरून ३६ इंच दिसणाऱ्या पिंजऱ्यात वाट्या, काठ्या, झोका, घंटा लटकवल्या की उडायला बारा इंचही उरत नाहीत. मुख्य काठ्या दोन्ही टोकांना लावा, मधला पट्टा मोकळा सोडा. काठी जाळीपासून इतकी दूर हवी की शेपूट घासणार नाही. कॉकटेलची शेपूट त्याच्या लांबीच्या जवळपास निम्मी असते, म्हणून त्याला सात-आठ इंच सोडा. एका काठीच्या बरोबर खाली दुसरी काठी किंवा पाण्याची वाटी नको, विष्ठा पडते. काठ्या पेरूच्या फांदीच्या घ्या, औषध न मारलेल्या झाडाची, धुऊन उन्हात वाळवलेली. कमी-अधिक जाडीच्या असू द्या. पकडीत पायाने काठीचा पाऊण घेर व्यापला की जाडी बरोबर. दुकानातल्या एकसारख्या गुळगुळीत दांड्यावर वर्षानुवर्षं बसून तळवे सुजतात.

कॉकटेल पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. हा पक्षी रात्री अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात सैरावैरा आपटतो. दिवाळीत फटाक्यांनी हमखास. आत टोकदार हुक, तारेची उघडी टोकं काहीही राहता कामा नये, आणि खोलीत झिरोचा दिवा चालू ठेवावा. आमच्या घरी तो बारा महिने जळतो.

दार कसं हवं? हातावर बसलेला पक्षी पंख न घासता बाहेर यावा एवढं. वरून खाली पडणारं सरकतं दार मोठ्या पिंजऱ्याला नको, मानेवर पडतं. बाजूला उघडणारं घ्या आणि कडी बाहेरून. ग्रे आणि कोन्युर साधी कडी बघता बघता उघडतात, त्यांना छोटं कुलूप किंवा स्क्रूची कडी. तळाला ट्रे आणि त्याच्या वर जाळी असावी, म्हणजे ट्रे बाहेर ओढताना पक्षी निसटणार नाही.

आता घरात जागा. पिंजऱ्याच्या लांबी-रुंदीएवढा चौकोन जुन्या वर्तमानपत्रांनी जमिनीवर मांडा आणि तीन-चार दिवस तसाच ठेवा. कपाट उघडतं का, मुलं अडखळतात का, सोफ्यावर बसता येतं का, हे कळतं. पुढच्या बाजूला आणखी एक फूट धरा, राळ्याची टरफलं तिथवर उडतात. मग दारांची मापं घ्या. बेडरूमचं दार अडीच-तीन फूट असतं, त्यात चौकट जाते. ३० इंच रुंदीचा पिंजरा जोडलेल्या अवस्थेत आत जाईलच असं नाही. लिफ्टही मोजा. मोठा पिंजरा मी नट-बोल्टचे फोल्डिंग पॅनल करून देते, खोलीत नेऊन जोडते.

खिडकीच्या बाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्ये पिंजरा ठेवायचा विचार सोडून द्या. सिडकोच्या घरांमध्ये हे फार दिसतं. एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेचं ऊन थेट येतं, जुलैत पावसाचा झोत. कावळे चोच मारतात, मांजर चढतं, रात्री उंदीर. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांमध्ये माकडं हात घालतात. स्वयंपाकघरही नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवत नाही, पक्षी मिनिटांत दगावतो. ओपन किचन असेल तर घरातलं नॉनस्टिकच काढून टाका. हॉलमध्ये एक बाजू भिंतीला लावलेली, एसी आणि पंख्याच्या झोतापासून दूर, रात्री दहा-बारा तास शांतता मिळेल अशी जागा शोधा. पक्षी बाहेर काढताना छताचा पंखा बंद, काचेच्या खिडकीवर पडदा.

ऑर्डर देताना कारागिराला चार गोष्टी पाठवा: पक्ष्याचा फोटो, भिंतीची मोकळी लांबी, घरातलं सगळ्यात अरुंद दार किती इंचाचं, आणि दिवसातून पक्षी किती तास बाहेर असतो. डिलिव्हरीच्या वेळी जुना सुती मोजा हातात चढवून पिंजऱ्याच्या आतल्या प्रत्येक वेल्डवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे खडूने खूण करा आणि तिथलं ग्राइंडिंग समोर उभं राहून करून घ्या, पैसे त्यानंतर.