ड्रीमकास्ट पुन्हा जिवंत करताय? आधी या चुका टाळा

सेगा या जपानी कंपनीने ३१ जानेवारी २००१ रोजी आपला ड्रीमकास्ट हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मार्चअखेर उत्पादन थांबलं. २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानात बाजारात आलेल्या या कन्सोलला अडीच वर्षांचंही आयुष्य मिळालं नाही. जगभरात सुमारे ९१ लाख विकले गेले, आणि आता कारखान्यातून नवा एकही येणार नाही. त्यामुळे जुना ड्रीमकास्ट हातात आला की पहिलं काम तो आणखी न बिघडवणं. मी पाहिलेल्या मेलेल्या मशीनपैकी बरीचशी वयाने मेलेली नव्हती. बिघाड काय आहे हे न बघताच कुणीतरी दुरुस्तीला हात घातला होता.

कंपनीकडे आस लावून बसणं

ही चूक हातांनी होत नाही, पण चाहत्यांचा सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. ‘ड्रीमकास्ट टू’ काढा म्हणून सह्यांच्या मोहिमा अनेकदा झाल्या. त्यामागचं प्रेम खरं आहे, पण मागणी कुणाकडे आणि कशाची करतोय ते पाहा. या कन्सोलचा एसएच-४ प्रोसेसर हिताचीचा. ग्राफिक्सची पॉवरव्हीआर चिप व्हिडिओलॉजिकने आखलेली आणि एनईसीने बनवलेली. आवाजाची चिप यामाहाची, आणि जीडी-रॉम ही डिस्कही यामाहाबरोबर तयार केलेली. पुढे हिताचीचा आणि एनईसीचा चिपचा धंदा रेनेसास या एकाच कंपनीत गेला. ज्या साखळीतून हे यंत्र घडलं ती साखळीच राहिली नाही. सेगाही २००१ पासून दुसऱ्यांच्या कन्सोलसाठी गेम बनवणारी कंपनी आहे. त्या पडझडीत अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर किमतीचे शेअर कंपनीला देऊन ती तगवली आणि मार्च २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. तो अनुभव घेतलेली कंपनी नुसत्या सह्यांवर पुन्हा कन्सोलच्या धंद्यात उतरेल असं मला वाटत नाही.

मागणी नेमकी असेल तर मात्र चाहत्यांचं बळ दिसतं. ड्रीमकास्टवर अर्धवट राहिलेल्या ‘शेनम्यू’च्या तिसऱ्या भागासाठी २०१५ मध्ये लोकांनी ६३ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आणि २०१९ मध्ये तो गेम आला. तो ड्रीमकास्टवर आला नाही, पण आला. ड्रीमकास्टसाठीच काही करायचं असेल तर या यंत्रासाठी आजही नवे गेम बनवणाऱ्या छोट्या मंडळींचे गेम विकत घ्या. ‘स्टुर्मविंड’ २०१३ मध्ये आला, म्हणजे कन्सोल बंद होऊन बारा वर्षांनी. कालिस्टीओएस ही चाहत्यांनीच घडवलेली मोफत प्रणाली आहे आणि असे कितीतरी गेम तिच्यावर उभे राहिले आहेत. सहीपेक्षा या लोकांना दिलेले पैसे जास्त कामाला येतात.

जपानी किंवा अमेरिकी मशीन थेट आपल्या सॉकेटला लावणं

आपल्याकडे ड्रीमकास्ट मारण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच. जपानी मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० व्होल्टचं, युरोपातलं २२० ते २४० व्होल्टचं. आपल्या घरात २३०. घात असा की मागचं सॉकेट सगळ्या मशीनना सारखंच आहे, इंग्रजी आठच्या आकाराचं. जुन्या टेपरेकॉर्डरची वायर त्यात चपखल बसते. वायर बसली म्हणजे चालेल असं वाटतं आणि स्विच दाबताच सप्लाय जातो. विकणारा काहीही सांगो, मशीन उलटं करून खालच्या लेबलवर व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

१०० किंवा १२० व्होल्टचं मशीन असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. तोही मशीनच्या व्होल्टेजचा हवा, जपानी यंत्राला १०० चा. दुसरा मार्ग म्हणजे आतला पॉवर सप्लाय बदलून युरोपातला बसवायचा, किंवा १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारा नव्या बनावटीचा. कायम वापरायचं असेल तर मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो.

चुकून २३० दिलंच गेलं असेल तर सप्लायचा फ्यूज उडालेला असतो. अशा वेळी फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून ‘बघू तरी’ म्हणणारे भेटतात. कृपा करून हे करू नका. फ्यूज उडाल्यामुळे पुढचं बरंच वाचलेलं असतं, ते तुम्ही तारेने जाळाल. आणि प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार धक्का देण्याइतका भार काही काळ राहतो. ते काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्या.

मध्येच रीसेट होतो म्हणून ड्राइव्हला दोष देणं

गेम रंगात आला आणि मशीन आपोआप पहिल्या मेनूवर आलं, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक जण लगेच डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हच्या लेन्सच्या मागे लागतात. खरा दोष बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या पिनांमध्ये असतो.

ड्रीमकास्टमध्ये सप्लायची पाटी मदरबोर्डवरून वर आलेल्या पिनांच्या रांगेवर वरून बसते. पंचवीस वर्षांत त्या पिनांवर काळपट थर चढतो, पकड सैल होते आणि क्षणभर वीज तुटली की मशीन रीसेट होतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार महिने दमट हवेत पडून राहिलेल्या मशीनवर हा थर लवकर येतो. उपाय साधा आहे. प्लग काढा, मशीन काही तास तसंच राहू द्या. मग उलटं करून बाजूचं मोडेम काढा, कारण चारपैकी एक स्क्रू मोडेमच्या मागे लपलेला असतो. तो न काढता झाकण उपटणाऱ्यांनी कितीतरी खोकी चिरवली आहेत. सप्लायची पाटी सरळ वर उचला, पिना ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि पाटी पुन्हा नीट दाबून बसवा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांमध्ये हे अल्कोहोल मिळतं. सँडपेपरने पिना घासू नका. वरचा लेप निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो.

पिना स्वच्छ करूनही रीसेट होत असेल तर झाकणाचा स्विच तपासा. झाकण उघडलं असं मशीनला वाटलं तरी ते गेम सोडून मेनूवर येतं. ड्राइव्हचा विचार त्यानंतर.

लेन्सचा पोटेन्शिओमीटर फिरवणं

डिस्क वाचत नाही म्हणून लेसरजवळचा तो छोटा गोल स्क्रू फिरवायचा, ही युक्ती लोक एकमेकांना मोठ्या खात्रीने सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की हा शेवटचा उपाय असावा आणि शक्यतो नसावाच. तो फिरवला की लेसरला जास्त वीज मिळते. थकलेला लेसर काही आठवडे जोमात चालतो आणि मग कायमचा जातो. मूळ जागा कुठे होती याची खूणही बहुतेकांनी करून ठेवलेली नसते.

आधी हे बघा. लेन्सवर धूळ किंवा बुरशी आहे का? कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा. लेसर ज्या दांड्यावर सरकतो तिथलं वंगण घट्ट झालंय का? जुनं पुसून थोडंसं नवं लावा. अस्सल डिस्क चालते आणि घरी लिहिलेली सीडी तेवढी अडते, असं तर नाही ना? तसं असेल तर ड्राइव्ह बरा आहे. घरी लिहिलेल्या सीडी चालतात त्या मिल-सीडी नावाच्या एका पळवाटेमुळे, आणि शेवटच्या काळात बनलेल्या काही मशीनमध्ये सेगाने ती वाट बंद केली होती. हलक्या प्रतीच्या सीडीवर लेसरला खूप धावाधाव करावी लागते, तेव्हा चांगली कोरी सीडी घ्या आणि कमी वेगाने लिहा.

डिस्क शोधताना येणारा घरघर आवाज ऐकून घाबरू नका. हा ड्राइव्ह नवा असतानाही गोंगाटच करायचा.

कंट्रोलर ओळखत नाही, तारीख विसरतो

हे दोन्ही दोष एकाच छोट्या पाटीवरचे, म्हणजे पुढच्या कंट्रोलरच्या पोर्टमागच्या. एकच पोर्ट मेला असेल तर पोर्ट किंवा सोल्डर बघा. चारही मेले असतील तर ‘एफ१’ लिहिलेला फ्यूज उडाला आहे हे जवळपास नक्की. मल्टिमीटरने तपासा आणि त्याच क्षमतेचा बदला. मशीन चालू असताना कंट्रोलर काढणं-घालणं टाळलंत तर तो पुन्हा उडण्याची शक्यता कमी होते.

प्रत्येक वेळी तारीख विचारत असेल तर घड्याळाची सेल संपली. ही सेल पुन्हा चार्ज होणारी असते आणि मशीन चालू असताना तिला चार्ज देतं. तिच्या जागी मनगटी घड्याळाच्या दुकानातली साधी सीआर२०३२ लावली तर न चार्ज होणाऱ्या लिथियम सेलला वीज मिळत राहते. ती फुगू शकते, फुटू शकते. एमएल२०३२ मागा, पाय जोडलेली मिळाली तर उत्तम. सेलवर थेट सोल्डर करू नका. पाटी काढताना पांढरी चपटी पट्टी ओढू नका, कनेक्टरच्या दोन्ही टोकांना धरून ती सोडवा. आणि सेल न बदलताही गेम चालतात. घाई करण्यासारखं यात काही नाही.

सुरू करताना येणारी लांब शिट्टी म्हणजे कंट्रोलरमधल्या व्हीएमयूच्या, म्हणजे खेळ जपून ठेवणाऱ्या छोट्या मेमरी कार्डाच्या, दोन सेल संपल्याची खूण. त्यात जपून ठेवलेले खेळ तसेच राहतात. या सेल मात्र साध्या सीआर२०३२ च असतात.

बोर्ड न ओळखता एसडी कार्डाचा ड्राइव्ह मागवणं

डिस्क ड्राइव्ह काढून त्याच्या जागी एसडी कार्डावरून गेम चालवणारी पाटी बसवणं आता सर्रास झालंय, आणि लेसर खरंच मेलेला असेल तर तो योग्यच उपाय आहे. पण ड्रीमकास्टचे बोर्ड एकसारखे नाहीत. सगळ्यात जुन्या व्हीए० बोर्डाचा ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालतो, नंतरच्या व्हीए१ चा ३.३ व्होल्टवर. अशा पाट्यांपैकी प्रसिद्ध जीडीईएमयू व्हीए१ साठी बनला आहे. खालच्या लेबलवर वर्तुळातला ०, १ किंवा २ हा आकडा वाचा आणि मगच पैसे द्या.

काढलेला ड्राइव्ह फेकू नका. तो तुमच्या कामाचा नसला तरी त्याचे गिअर, मोटर, दांडे दुसऱ्या कुणाचं मशीन चालू करतील.

नव्या टीव्हीला स्वस्तातला कन्व्हर्टर

लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींना एचडीएमआयचा स्वस्त डबा जोडला की चित्र धूसर येतं आणि लोक कन्सोलला नावं ठेवतात. हा कन्सोल मुळातच व्हीजीए मॉनिटरवर ४८० ओळींचं स्वच्छ चित्र देऊ शकतो. व्हीजीएची वायर घ्या आणि गरज असेल तर पुढे व्हीजीएवरून एचडीएमआय करा. थोडे गेम व्हीजीए स्वीकारत नाहीत, त्यांच्यासाठी जुनी वायर जपून ठेवा.

ऑनलाइन खेळण्यासाठी आधी महागडा अॅडॅप्टर शोधणं

ड्रीमकास्टमध्ये मोडेम बसवूनच मिळायचं. सेगाचे सर्व्हर कधीच गेले, पण चाहत्यांनी ‘फँटसी स्टार ऑनलाइन’, ‘क्वेक थ्री’, ‘चूचू रॉकेट’ पुन्हा सुरू केले आहेत. त्यासाठी दुर्मीळ ब्रॉडबँड अॅडॅप्टरवर मोठी रक्कम घालणारे मी पाहिले आहेत. तो अॅडॅप्टर मोजक्याच गेमना चालतो, मूळ मोडेम बऱ्याच जास्त गेमना.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबी मोडेम आणि ड्रीमपाय हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. ड्रीमकास्टचा मोडेम फोन लावल्यासारखा डायल करतो, ड्रीमपाय पलीकडून उचलतो आणि पुढे घरच्या इंटरनेटला जोडून देतो. टेलिफोनची खरी लाइन लागत नाही, म्हणून घरातली लँडलाइन केव्हाच काढून टाकली असेल तरी अडत नाही. इथे अडखळतं ते एकाच ठिकाणी. खऱ्या लाइनवर असतो तो थोडा डीसी व्होल्टेज दोन मोडेममधल्या वायरवर नसतो आणि काही मोडेम त्याशिवाय डायल टोनच ओळखत नाहीत. टोन येत नाही म्हणून मोडेम खराब ठरवण्याआधी लाइनमध्ये सेलवर चालणारं छोटं व्होल्टेज सर्किट जोडून पाहा. पहिल्यांदा ‘चूचू रॉकेट’ने चाचणी घ्या. हलका गेम आहे, जोडणी झाली की नाही ते लगेच कळतं आणि त्यानंतर ‘फँटसी स्टार’कडे वळता येतं.