वर्गात ऐकवायचं ते तीन-चारच मिनिटांचं घ्या

नववी-दहावीच्या ३५ मिनिटांच्या तासाला अख्खा पॉडकास्ट लावू नका. तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरे. लावण्याआधी फळ्यावर दोन प्रश्न लिहा, नाहीतर मुलांच्या कानाला धरायला काहीच नसतं आणि मागचे बाक कुजबुजू लागतात. पहिल्यांदा वह्या बंद. दुसऱ्यांदा दर मिनिटाला थांबवून टिपणं.

पत्र्याच्या छताखाली आवाज वाढवला की शब्द घुमून एकमेकांत मिसळतात. आवाज मध्यम ठेवा, स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीला, वर्गाच्या मध्यावर. पोकळ टेबलावर तो थरथरतो. खाली जाड सतरंजीची घडी घाला. फाइल आदल्या दिवशीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

खरी मजा मुलांनी स्वतः ध्वनिमुद्रण करण्यात आहे. साताऱ्याचं प्रतिसरकार (इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, १९४३-४६) शिकवताना कुंडल, वाळवा भागातल्या मुलांना घरच्या थोरल्यांच्या तोंडून आठवणी ध्वनिमुद्रित करायला सांगा. आधी परवानगी घ्यायची. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. तो तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसतो. दहा सेकंदांची चाचणी इअरफोननं ऐकूनच पुढे जायचं. प्रश्न ‘हो-नाही’चे नकोत, ‘तेव्हा घरात काय चाललं होतं?’ असं विचारलं की आजी बोलत्या होतात.

आठवणीत सालं इकडची तिकडे होतात, म्हणून प्रत्येक तारीख पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहायला लावा.