तयार होण्याची वाट बघू नका, आधी काम शोधा

आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शाळा साधारण १८व्या वर्षी संपते, मग मुलगा कार्यशाळेत जातो, पणत्या रंगवतो, पाकिटं करतो आणि दहा वर्षांनीही तिथंच असतो कारण सगळे म्हणतात अजून तयार नाहीये. माझं म्हणणं, आधी खरं काम शोधा आणि तिथंच शिकवा. बौद्धिक अक्षमता असली की एका जागी शिकलेलं दुसरीकडे बऱ्याचदा आपोआप जमत नाही, मग ती दहा वर्षं कशाला घालवायची?

कागदपत्रं उरकून घ्या. युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४% आरक्षण आहे, त्यातला १% बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, मानसिक आजार अशा सगळ्यांना मिळून, त्यामुळे फक्त त्यावर बसून राहू नका. लेमन ट्री हॉटेल, मिट्टी कॅफे आपल्या मुलांना घेतात, पण घराजवळचं सुपरमार्केट, कँटीन, पॅकिंग युनिट इथंही जाऊन विचारा. मालकाला दया दाखवा म्हणू नका, अमुक काम हा रोज नीट करेल असं सांगा, आणि पगार इतरांइतकाच मागा.

आता मुख्य गोष्ट. जो शिकवणार त्याने आधी दोन दिवस ते काम स्वतः करून बघायचं. टेबल पुसणं म्हणजे आपल्याला एक काम वाटतं पण ग्लास उचल, ट्रेमध्ये ठेव, ओलं फडकं, मग कोरडं, मग मीठदाणी मधोमध, अशा पाच पायऱ्या आहेत, प्रत्येकीचा फोटो काढून कार्ड करा. अडला की हात घालू नका, थांबा, कार्ड दाखवा. पहिले काही दिवस शेजारी उभं राहा, मग दोन टेबलं लांब, मग आठवड्यातून एकदा चक्कर. बसचंही तसंच, आधी बरोबर बसा, मग मागच्या सीटवर, मग स्टॉपवर सोडा.

सुपरवायझरला सांगा, "जरा तिकडचं बघ" असं नको, एका वेळी एकच आणि नेमकं सांगा. आणि बाळा म्हणू नका, तो पंचवीस वर्षांचा आहे, नावाने हाक मारा.

काम जमलं तरी नोकरी सुटते ती बऱ्याचदा मधल्या सुट्टीत. कुठं बसायचं, कोणाशी काय बोलायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच सोबत्यांपैकी एक मायाळू माणूस हेरा आणि त्याला एवढंच सांगा, चहाला जाताना याला पण हाक मार.