मुंबईच्या गच्चीवरून पोलर अलाइनमेंट: अर्धं काम दुपारी

मुंबईत नव्याने ॲस्ट्रोफोटोग्राफी सुरू करणारे बरेच जण पहिल्याच पायरीवर, म्हणजे पोलर अलाइनमेंटवर अडतात: माउंटचा फिरण्याचा अक्ष आकाशातल्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखायचा असतो. व्हिडिओ बघून माउंट (ताऱ्यांमागे टेलिस्कोप फिरवणारा आधार) उभा करतात, पोलर स्कोपला (अक्षाच्या दिशेने बघायच्या छोट्या दुर्बिणीला) डोळा लावतात आणि ध्रुवतारा काही सापडत नाही. ते व्हिडिओ बहुतेक युरोप-अमेरिकेतले. तिथे ध्रुव चांगला चाळीस-पन्नास अंश वर असतो. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, आणि मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश. इतक्या खाली बघताना डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत तिप्पट हवा मधे येते, त्यात आपल्याकडची धूळ आणि दिव्यांचा उजेड. शिवाय उत्तरेला शंभर मीटरवर आपल्या गच्चीपेक्षा अकरा-बारा मजले उंच इमारत असली, तर ध्रुवतारा तिच्यामागेच राहतो.

म्हणून माझं नवख्यांना आग्रहाचं सांगणं आहे: उत्तर रात्री शोधू नका, दुपारी आखून ठेवा.

फोनच्या होकायंत्रावर गच्चीत विसंबता येत नाही. स्लॅबमधल्या सळ्या आणि लोखंडी पाइप सुई कुठेही ओढतात. त्याऐवजी ओळंबा टांगा. सूर्य मध्यमंडळावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो त्या क्षणी दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते; तिच्यावर रेघ मारा. हा क्षण घड्याळातले बारा नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, मुंबई ७२.८ च्या आसपास. त्यामुळे सरासरी ३९ मिनिटांचा फरक पडतो. त्यातही वर्षभर चढउतार असतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ साधारण १२:२२, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सूर्योदय आणि सूर्यास्ताचा बरोबर मध्य काढला, तरी काम भागतं. मिनिटाभराची चूक झाली, तर डिसेंबरात रेघ अंशाच्या एक तृतीयांशाने चुकते, एवढं चालतं. एप्रिलच्या मध्याला मात्र सूर्य माथ्याजवळ असल्याने तीच चूक दीड अंशापर्यंत जाते, आणि मेच्या मध्याला शून्य सावलीच्या (सूर्य बरोबर माथ्यावर येतो त्या दिवसाच्या) आसपास हा प्रयोग करूच नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. रेघ ऑइलपेंटने पक्की करा, माउंटचा अक्ष रेघेच्या दिशेत ठेवून ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या खुणा करा, आणि कठड्यापासूनची अंतरं वहीत लिहून ठेवा. पावसाळ्याआधी सोसायटीने वॉटरप्रूफिंग काढलं की खुणा जातात.

आता संध्याकाळ. ट्रायपॉड खुणांवर ठेवा, लेव्हल बॉटल लावून समतल करा, माउंटचा अक्षांश १९ वर ठेवा. इथे आपल्या भागातली एक खास अडचण येते. अक्ष इतका आडवा झाला की काउंटरवेटचा (टेलिस्कोपचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला धडकू शकतो. टेलिस्कोप चढवण्याआधी हाताने अक्ष फिरवून बघा; अडत असेल तर मधे बसणारा एक्स्टेन्शन खांब घ्या. उंचीचा स्क्रू शेवटी नेहमी वर चढवतच थांबवा, म्हणजे वजनाने अक्ष खाली बसत नाही.

ध्रुवतारा दिसत असेल, तर बाकीचं सोपं. ऑक्टोबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधा. मार्चपासून सप्तर्षीतले ध्रुवताऱ्याची दिशा दाखवणारे क्रतू-पुलह आहेतच. पण ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे. तो खऱ्या ध्रुवापासून अंशाच्या सुमारे दोन तृतीयांश दूर आहे, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त. म्हणून फोनवरचं पोलर अलाइनमेंटचं ॲप दाखवेल त्याच जागी तो पोलर स्कोपच्या वर्तुळावर आणायचा.

दिसतच नसेल, तर कॅमेऱ्याला कामाला लावा. निना या मोफत सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागातून चालतं. लॅपटॉप नसेल, तर जुनी ड्रिफ्ट पद्धत शिकून घ्याच: माउंट चालू ठेवून तारा कुठे सरकतो ते बघायचं आणि त्यावरून अक्ष सुधारायचा. माझ्या मते प्रत्येकाने ती एकदा तरी करावी, कारण अक्ष हलवला की आकाश कसं सरकतं हे तिच्यातूनच कळतं. दक्षिणेला मध्यमंडळाजवळचा तारा घ्या. पुस्तकं खगोलीय विषुववृत्तावरचा तारा घ्या म्हणतात, म्हणजे मृगाच्या बाणातला पश्चिमेचा. तो मुंबईत ७१ अंश वर जातो, बाल्कनीतून वरचा स्लॅब त्याला झाकतो. व्याधाजवळचा एखादा तारा चालेल, तो साधारण ५४ अंशांवर असतो. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष जास्त पूर्वेला आहे, उत्तरेकडे सरकला तर जास्त पश्चिमेला. मग पूर्वेचा तारा घ्या: दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर.

किती अचूक हवं? अक्ष एक कलेने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकला, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. पाच कलांची चूक म्हणजे तीन मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये जवळपास चार विकला. ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर पावणेचार मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल, तर हे दोन पिक्सेल झाले. गाइडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंट सतत सुधारणं) हे सरकणं सावरतं, पण गाइडच्या ताऱ्याभोवती फोटो हळूहळू फिरत राहतो, ते त्याला थांबवता येत नाही.

सेक्रेटरींची परवानगी आधीच घ्या आणि वॉचमनना सांगून ठेवा. पाण्याच्या टाकीपासून लांब बसा, पंप चालू झाला की स्लॅब थरथरतो.

पुढे अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीकडे जाल, तेव्हा गच्चीवर साधलेली अक्षाची उंची हलवू नका. वांगणीचा अक्षांशही जवळपास १९.१ च आहे. तिथे पोहोचल्यावर ट्रायपॉड नीट समतल केला, की फक्त डावी-उजवीकडची दिशा जुळवायची राहते.