सकाळी लंडन, दुपारी पॅरिस, रात्री परत घरी

लंडनला असाल तर पॅरिस एका दिवसात मस्त होतं, फक्त आधी व्हिसाचं बघा, भारतीय पासपोर्टवर यूकेचा व्हिसा तिकडे चालत नाही, शेंगेन (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) वेगळा काढावा लागतो. युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते आणि सव्वादोन-अडीच तासांत गार द्यू नॉर, म्हणजे पॅरिसचं स्टेशन. पहिल्या गाडीचंच तिकीट काढा कारण पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे, तो तास गेलाच समजा. स्टेशनवर तास-सव्वा तास आधी पोचा, फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनातच उरकते म्हणजे तिकडे उतरलं की थेट बाहेर. विमानासारखी पाण्याची बाटली काढून घेत नाहीत हे एक बरंय. समुद्राखालच्या बोगद्यात वीसेक मिनिटं खिडकीत नुसता काळोख आणि आपलंच तोंड, मासे बघायला बसलेली पोरं जाम हिरमुसतात!

उतरल्यावर आरईआर बी ही लोकल पकडून सँ-मिशेल स्टेशन, तिथून नोत्र दाम चर्च दोन पावलांवर, मग सीन नदीच्या काठाकाठाने चालत लूव्र म्युझियम (मंगळवारी बंद असतं हां). आयफेलवर चढायच्या रांगेत दिवस घालवू नका, नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकातून बघा, फोटो पण तिथूनच भारी येतो. परतीला पुन्हा पासपोर्ट, सामान सगळं तपासतात, तासभर हातात ठेवा.